अठ्ठावीस नंबरचे दोघे

३ सप्टेंबर, शनिवार

मोसमाचा पहिला सामना. हेरॉन्स जिंकले. रेमी मैदानात उतरला नाही.

हे शेवटचं वाक्य मी तीन वर्षं लिहीत आलेय. या वर्षी ते लिहायचं नाही असं ठरवून नवी वही काढली, आणि पहिल्याच पानावर लिहावं लागलं. पण हे त्याचं शेवटचं वर्ष आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना कोच कधी ना कधी उतरवतातच, असं सगळे म्हणतात.

हेरॉन्स म्हणजे रेमीच्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ, हातात चेंडू घेऊन पळायचा खेळ; संघात शंभराच्या वर मुलं. बहुतेकांना विद्यापीठानं घरी माणसं पाठवून, आईबापांच्या विनवण्या करून आणलेलं. माझा रेमी आपणहून गेला, दोनदा नाकारला गेला, तिसऱ्यांदा घेतला. मुलं एवढी आणि आकडे नव्व्याण्णवच, म्हणून काही आकडे दोघांत वाटून दिलेले असतात: एक चेंडू घेऊन पळणाऱ्यांतला, एक अडवणाऱ्यांतला. दोघं एका वेळी मैदानात यायचे नाहीत, की झालं. रेमीचा अठ्ठावीस हा आकडा लुशियन ब्रुसार्डचाही आहे. लुशियन चेंडू घेऊन धावतो तेव्हा सगळं राज्य श्वास रोखून उभं असतं. त्यामुळे स्टेडियमभर अठ्ठावीस नंबरचे सदरेच सदरे. म्हातारे, पोरीबाळी, कडेवरची बाळं. मी त्या गर्दीतून जिना चढते तेव्हा क्षणभर, अगदी क्षणभरच, समजते की हे सगळे माझ्या लेकासाठी आलेत.

शेजारची जागा लुशियनच्या आईची, व्हर्नेलची. तिच्या अंगात अठ्ठावीस, माझ्याही अंगात अठ्ठावीस.

"अगं ऑडेट," ती म्हणाली, "पुन्हा डबाभर तळलेले झिंगे? इतक्या लांबून गाडी हाकत यायचं आणि वर पहाटे उठून तळायचं. तुला जुळी झाल्यासारखं माझ्या पोरालाही खाऊ घालतेस तू."

लुशियन रेमीला 'जुळ्या' म्हणतो. सामना संपल्यावर झिंगे त्यानेच संपवले.

११ सप्टेंबर, रविवार

मिस्सा झाल्यावर रेमीचा फोन. संघ काल बाहेरगावी होता; तो गेला नव्हता. बाहेरच्या सामन्यांना ठरावीक मुलंच नेतात. मी विचारलं, "मग काल दिवसभर खोलीत एकटा बसलास का रे?"

"नाही ममा, जंगलात गेलो होतो. आमच्या प्राध्यापकांबरोबर." तो वनशास्त्र शिकतोय. "पाइनच्या जंगलाला आम्ही आग लावली."

"देवा! कशाला?"

"लावावीच लागते. नाहीतर खालचं झुडूप माजतं आणि नव्या रोपाला उजेड मिळत नाही. लांब पानांचा पाइन आगीत मरत नाही, ममा. लहानपणी नुसता गवताच्या झुबक्यासारखा दिसतो. वर काहीच नाही. वर्षानुवर्षं तसाच. सगळं बळ मुळांत घालत असतो."

अर्धा तास बोलला. वारा कसा बघायचा, ओली माती कुठे, कोणी कुठे उभं राहायचं. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज असा भरलेला ऐकला. या आठवड्यात सराव छान झाला असणार.

१७ सप्टेंबर, शनिवार

जिंकलो. रेमी उतरला नाही.

आज व्हर्नेलकडून कळलं की सोमवार ते शुक्रवार माझा लेक काय करतो. मला तो कधीच नीट सांगत नाही. पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी सामना, त्यांचा जो सर्वांत तरबेज बचावपटू असेल त्याचं सोंग रेमीला वठवायचं असतं. त्या मुलाच्या आकड्याचा सदरा, त्याची चाल, उभं राहण्याची लकब, सगळं. म्हणजे आपली आघाडीची मुलं आधीच त्याला ओळखून राहतात.

"लुशियन म्हणतो, शनिवारी मला कोणी पाडू शकत नाही, कारण आठवडाभर जुळ्या पाडतो," व्हर्नेल म्हणाली. "कोच म्हणतात, असं हुबेहूब सोंग अजून कुणाला जमलं नाही. म्हणून तर त्याला हलवत नाहीत."

मी हसले. घरी येताना पुलावर ते वाक्य पुन्हा आठवलं. म्हणून तर हलवत नाहीत.

दर आठवड्याला दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा होऊन राहायचं. त्या मुलांच्या आयांना हे माहीत असेल का?

२२ सप्टेंबर, गुरुवार

आज एक वाईट गोष्ट केली. जपमाळ झाल्यावर रेमीच्या जागेवर खेळणाऱ्या मुलासाठी प्रार्थना केली. केड त्याचं नाव, टेक्सासचा, गोरापान, चर्चला नियमानं जाणारा. देवाला म्हटलं, त्याला काही मोठं होऊ नये. नुसतं पोट बिघडावं. एका शनिवारपुरतं.

२५ सप्टेंबर, रविवार

काल केडचा घोटा मुरगळला. दोघांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर गेला. त्याच्या जागी आणखी एका मुलाला पाठवलं, दुसऱ्या वर्षाच्या. रेमी बाकाजवळ उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मिस्सेनंतर फादर मूटन यांना गाठलं. पापनिवेदनाच्या खोलीपर्यंत थांबवेना, दारातच सांगितलं.

"पोटच मागितलं होतंस ना?" फादर म्हणाले.

"हो, फादर."

"मग घोटा तुझ्या खात्यात नाही. पण पोटासाठी पाच 'नमो मरिया' म्हण." मग जरा खाली वाकून म्हणाले, "आणि ऑडेट, देवाला असं कोपऱ्यात घेऊन बोलायचं असेल तर पोराला एकदा विचार, त्याला काय हवंय."

"त्याला काय हवंय ते मला माहीत नाही का, फादर?"

फादरनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, माणसाकडे बघतात की पलीकडे ते कळत नाही.

केडला पेकानच्या दाण्यांची मिठाई करून पाठवली. रेमी म्हणाला, "ममा, तू त्याला ओळखतेस तरी का?"

८ ऑक्टोबर, शनिवार

हरलो, अगदी थोडक्यात. असल्या सामन्यात राखीव मुलांना कोण विचारतं.

परत निघताना रेमी गाडीपर्यंत पोचवायला आला. न खेळताही अंघोळ करून, केस विंचरून येतो. खेळल्यासारखा. मला ते बघवत नाही.

"ममा, दमत नाहीस का इतकी गाडी चालवून?"

"मी कशाला दमू? तू आहेस ना इथे."

"हो," तो म्हणाला. "मी आहे." मग गाडीच्या टपावर हात ठेवला. "वसंताच्या सत्रात ती जंगलातली सहल आहे ना, जानेवारीपासून पूर्ण सत्राची... प्राध्यापक विचारत होते. गेल्या वर्षीही राहिली."

"का राहिली?"

"वसंतातला सराव असतो तेव्हा."

"मग बरोबर आहे. जंगल काय कुठे पळून जात नाही, राजा."

हसला. त्याचे पपा असेच हसायचे, तोंडाच्या एकाच बाजूनं.

१ नोव्हेंबर, मंगळवार. सर्व संतांचा दिवस

सकाळी चुना, ब्रश आणि शेवंती घेऊन स्मशानभूमीत गेले. सगळं गाव तिथेच. लांद्री बहिणी आपल्या आईच्या थडग्यावर बसून सँडविच खात होत्या. माझ्या नवऱ्याच्या, अल्सीडच्या थडग्याची पश्चिमेकडची बाजू यंदा शेवाळानं हिरवी झालीये. गुडघ्यावर बसून घासत होते, तर मागून कुणीतरी ब्रश काढून घेतला. रेमी!

मला इतका आनंद झाला की त्याला जवळ घ्यायच्या आधी तोंडातून निघालं, "आणि सराव?"

"चुकवला."

"शेवटच्या वर्षी? कोच काय म्हणतील?"

"एक दिवस मी नसलो तर कुणाला कळतही नाही, ममा."

एवढं मनाला लावून घेतलंय पोरानं. चार वर्षं मार खायचा आणि कुणाला कळतही नाही.

त्याने चुना फार छान लावला. अल्सीडला घाई असायची, ओघळ राहायचे. अल्सीड हा नुसता भाताच्या शेतावरचा माणूस, विद्यापीठाची पायरी चढला नाही, पण शनिवारी हेरॉन्सचा सामना म्हणजे जेवणाचं ताटसुद्धा हातात. तो गेला त्या उन्हाळ्यात दवाखान्यातल्या खाटेवर मला म्हणाला होता, "रेमीला घेतलं त्यांनी. आता तू जायचंस दर शनिवारी. माझ्या वाटचं तू बघ." मी बघतेय. त्याच्या वाटचं अजून काही झालंच नाही, त्याला मी काय करू?

काम संपल्यावर दोघं चुना वाळायची वाट बघत उभे होतो. रेमी म्हणाला, "ममा, समजा मी..."

मी थडग्याकडे वळून म्हटलं, "ऐकलंस का अल्सीड? या वर्षी नक्की. एकोणीस तारखेला, घरच्या शेवटच्या सामन्याला. मी तुला येऊन सांगीन." आणि मग रेमीला, "काय म्हणत होतास?"

"काही नाही. तुझ्या कोपराला चुना लागलाय."

१२ नोव्हेंबर, शनिवार

एकोणीस तारखेसाठी निळा ड्रेस इस्त्रीला दिला. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना: सुरू होण्याआधी शेवटच्या वर्षाची मुलं एकेक करून धावत बाहेर येतात, मधोमध आई उभी असते, तो तिला फूल देतो. वडीलही असतात. ज्यांना असतात त्यांचे.

१६ नोव्हेंबर, बुधवार

कोचचा फोन आला! मी भांडी घासत होते, ओल्या हातानं घेतला. म्हणाले, "मिसेस गिडरी, सामना आपल्या हातात आला तर रेमीला उतरवीन. त्यानं ते कमावलंय." मग म्हणाले, "त्याला स्वतःला तसं काही नाही म्हणतो. इतर कुणाला पाठवलं तरी चालेल म्हणाला. पण मला वाटलं तुम्हाला आवडेल."

बघा कसा आहे माझा मुलगा! सिस्टर क्लोटिल्ड शाळेत आम्हा मुलींना नम्रतेचे धडे द्यायच्या, एकीलाही आली नाही. याला कुणी न शिकवता आली.

२० नोव्हेंबर, रविवार

काल लिहायला जमलं नाही. आज नीट लिहिते.

ऊन होतं, वारा नव्हता. आम्हा आयांना रांगेत उभं केलं. व्हर्नेलनं हॅट घातली होती, पिसांची. म्हणाली, "ऑडेट, रडू नकोस, काजळ ओघळेल, फोटो कायमचा राहतो." आणि स्वतःच रडायला लागली. लुशियन आला तेव्हा स्टेडियम हादरलं. आधी तिला मिठी मारली, मग मलाही. मग कर्ण्यावर 'रेमी गिडरी, सेंट यूलाली' असं गावाच्या नावासकट ऐकलं. टाळ्या पडल्या, बेताच्या. रेमीनं पिवळा गुलाब दिला. घामाचा वास नव्हता त्याच्या अंगाला, साबणाचा होता. "ठीक आहेस ना, ममा?" म्हणाला. मला विचारत होता!

तिसऱ्या डावातच आम्ही खूप पुढे होतो. मी मोजायचं सोडून फक्त बाकाकडे बघत होते. शेवटच्या डावात लुशियननं आणखी एकदा चेंडू सीमेपार नेला. गुण मिळाल्यावर चेंडू लाथेनं समोरच्यांकडे पाठवायचा आणि अकरा जणांनी धावत जाऊन तो झेलणाऱ्याला पाडायचं. कोचनी हात वर केला आणि रेमीच्या पाठीवर थाप मारली.

तो उतरला.

त्याने शिरस्त्राणाचा पट्टा लावला आणि पळत ओळीत गेला, अगदी शेवटच्या टोकाला. मी उभी होते की बसले होते ते आठवत नाही. व्हर्नेलनं माझा दंड धरला होता, अजून निळा आहे. लाथ बसली. रेमी धावला. मी त्याला चार वर्षांचा असल्यापासून धावताना पाहिलंय, कोंबड्यांच्या मागे, बसच्या मागे, पण असं कधी नाही. दोघांना चुकवलं, वळला, आणि चेंडू घेतलेल्या मुलाला कमरेतून असं धरलं की तो जागीच बसला.

सगळं स्टेडियम ओरडलं. कर्ण्यावर आवाज आला: "पाडलं! अठ्ठावीस नंबर, लुशियन ब्रुसार्ड!"

व्हर्नेल बाकावर चढली. "तो माझा नाही!" हॅट हातात घेऊन चारी दिशांना ओरडत सुटली. "ए, ऐका! माझा नाही तो! तो ऑडेटचा आहे! हिचा!"

पण तिचाही मैदानात होता. तेच तर झालं. नियम मोडल्याची खूण म्हणून पंचांनी टाकलेला पिवळा रुमाल खाली पडला होता, आणि मैदानाच्या मधोमध, रेमीच्या मागे दहा पावलांवर, दुसरा अठ्ठावीस उभा होता. दोन्ही हात वर करून नाचत होता.

गुण मिळाल्यावर लुशियननं बाहेर यायचं असतं. तो आलाच नाही. ओळीतल्या एका पोराला "तू बस" म्हणून बाहेर पाठवलं आणि स्वतः जुळ्याबरोबर धावला. हे दोन आकडे एकत्र चालत नाहीत, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. पंचांनी जाहीर केलं: एकाच आकड्याचे दोन खेळाडू. झालेला खेळ रद्द. पुन्हा लाथ.

लोक हसले. मी त्यांना दोष देत नाही, ते मजेदार दिसत होतं. कोचनी दोघांनाही बाहेर बोलावलं, तोंड लाल करून. चेंडू पुन्हा लाथाडला, दुसऱ्याच कुणीतरी दुसऱ्याच कुणाला तरी पाडलं. मग वेळ संपली.

बाहेर गाड्यांपाशी लुशियन माझ्यासमोर येऊन उभा राहिला, एवढा डोंगरासारखा मुलगा, आणि हुंदके देऊन रडायला लागला. "मिस ऑडेट, मी मुद्दाम नाही केलं. मला वाटलं, एकदा तरी दोघं बरोबर. चार वर्षांत एकदा."

"चारशे वेळा उतरतोस तू आणि त्याच्या एका वेळेत घुसायचं होतं?" व्हर्नेलनं त्याला हॅटनं मारलं. "गाढवा!"

"मारू नका त्याला," रेमी म्हणाला. तो हसत होता. पोट धरून हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "वळून बघतो तर हा! ममा, वळून बघतो तर हा नाचतोय!"

मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यानं हसणं थांबवलं. "तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"सगळं?"

"सगळं पाहिलं."

"मग झालं," तो म्हणाला.

मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी बाहेर सामना आहे, तिथे तुला नेणार नाहीत, पण डिसेंबरात एखादा जास्तीचा सामना मिळेल ना? कोचना मी फोन करते. ते माणूस चांगले आहेत, त्यांना कळेल की ही वेळ मोजायची नाही..."

त्यानं माझ्या गाडीचं दार उघडून धरलं. लुशियन त्याच्याकडे बघत होता. मग रेमी म्हणाला, "आधी घरी जा नीट. हळू चालव."

आज सकाळी वर्तमानपत्र पाहिलं. नाही आलं. येणार नव्हतंच. स्मशानभूमीत गेले, पण अल्सीडला काय सांगायचं ते सुचेना. शेवंती सुकली होती, ती काढून परत आले.

२६ नोव्हेंबर, शनिवार

रेमी थँक्सगिव्हिंगच्या सणापासून घरीच आहे. रोज उशिरा उठतो. मी त्याच्या दारापाशी जाऊन श्वास ऐकते, लहानपणी ऐकायचे तसा.

दुपारी सामना होता. तो टेबलापाशी पेकान फोडत बसला होता आणि मी रेडिओ लावला. संघ दूर तिकडे डोंगराळ भागात, आवाज नीट येईना. मी एरियलची तार खिडकीला लावून पाहिली, मग पडद्याच्या दांडीला. शेवटी खुर्चीवर चढून तार हातातच धरून उभी राहिले, तेव्हा कुठे जरा ऐकू यायला लागलं.

"ममा, उतर खाली. पडशील."

"थांब, तिसरा डाव आहे. तुला ऐकायचं असेल ना."

"मला नाही ऐकायचं."

"असं रागावून चालत नाही, राजा."

"रागावलो नाही." त्यानं पेकान खाली ठेवला. "मी तर तू ऐकतेस म्हणून बसलोय इथे."

"मी?" मी खुर्चीवरच होते. "अरे, मला काय कळतंय त्यातलं? पपा सांगायचे तेवढंच. मी तुझ्यासाठी लावते."

रेडिओवर कुणीतरी धावत होतं. लुशियन असेल. आम्ही दोघंही ऐकत नव्हतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यानं खरंच विचार केला. लहानपणापासून तसाच आहे, विचारलं की खरं शोधून सांगतो. "पपा गेले त्याच्या पुढच्या वर्षापासून. सोडणारच होतो. पण तू निळा ड्रेस घालून आलीस, झिंगे घेऊन. मला वाटलं, हे शनिवार गेले तर तू..." पुढचं बोलला नाही.

मी तार सोडली. आवाज गेला. खाली उतरताना त्यानं हात दिला.

मला वाटत होतं की रडू येईल, पण तसं काही झालं नाही. फक्त घर फार मोकळं वाटलं. आपण दोघं इतकी वर्षं सामन्यांशिवाय काय बोलायचो, ते आठवायचा प्रयत्न करत मी त्याच्यासमोर बसले आणि पेकान फोडायला घेतले. त्यालाही आठवत नसावं. टरफलांचा ढीग वाढत गेला.

मग मी म्हटलं, "तो झुबका. गवतासारखा. किती वर्षं तसा राहतो म्हणालास?"

त्यानं वर पाहिलं. "तुझ्या लक्षात आहे?"

"आहे म्हणजे? अर्धा तास फोनवर होतास."

मग तो सांगत सुटला. कधी कधी पाच वर्षं, कधी दहा. जानेवारीत ती सहल निघतेय, प्राध्यापकांनी त्याची जागा ठेवलीये. शनिवार-रविवार तिकडेच राहायचं, तंबूत. वसंत संपेपर्यंत घरी येणं जमेल असं नाही. हे सांगताना त्याचा आवाज जरा हळू झाला.

"जा," मी म्हटलं. लवकर म्हटलं, नाहीतर निघालं नसतं.

"तू येशील एकदा बघायला? आग लावतो तेव्हा?"

"बसायला जागा असते का?"

"नाही. लांब रस्त्यावर उभं राहावं लागतं."

"तिथून तू दिसशील मला?"

"नाही बहुतेक. धूर असतो, आणि सगळ्यांचे कपडे एकसारखे."

"मग येते," मी म्हटलं. "त्याची मला सवय आहे."